पंच न झालेलं पान

१

शनिवारी सकाळी पावणेआठला नाना फिरून आले, मफलर सोडत सोडत मागच्या ओट्यावर गेले आणि पिंजऱ्यापाशीच थबकले. एक पिल्लू मरून पडलं होतं. दुसरी दोन आईच्या पोटाला चिकटलेली होती, आणि आई कुशीवर पडून, तोंड उघडं टाकून धापा टाकत होती.

नाना म्हणजे देवचंद बैसाणे. एसटीच्या मार्ग तपासणी पथकात अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. दोंडाईचाची गाडी असो की पारोळ्याची, नाना पायरीवर चढले की कंडक्टरच्या कपाळाला घाम सुटायचा. नोकरी सुटली, पण तपासणी काही सुटली नाही. घरात दुधाची पिशवी फाटली तरी नाना चौकशी लावायचे, आणि गुन्हेगार सापडेपर्यंत कुणाला सुखाने चहा पिऊ द्यायचे नाहीत.

आज मात्र गोष्ट दुधाच्या पिशवीची नव्हती. पिंजऱ्यातले जीव नातीचे होते. अकरा वर्षांच्या मयुरीकडे दोन गिनीपिग होते, तपकिरी नर तो गूळ आणि पांढरी मादी ती खोबरी. खोबरी गाभण राहिल्यावर गुळाचा पिंजरा वेगळा करून पुढच्या खोलीत ठेवला होता. गुरुवारी मयुरी शाळेच्या सहलीबरोबर अजिंठ्याला गेली. तिची आई शिल्पा त्याच शाळेत शिक्षिका, तीही गेली. मुलगा धम्मपाल नोकरीसाठी सुरतेला. घरात उरले नाना आणि त्यांची बायको आक्काबाई. निघताना मयुरीने बजावलं होतं, "नाना, खोबरी कधीही व्याईल. तुमच्या भरवशावर ठेवून चाललेय हं!"

शुक्रवारी दुपारी खोबरी व्याली. तीन पिल्लं झाली. फोनवर सांगायचं नाही, आल्यावर दाखवायचं, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं. आणि आता सहलीची बस संध्याकाळी पाचला येणार होती.

"आक्का!" नाना ओरडले. "अगं, इकडे ये आधी! हे काय झालं?"

आक्काबाई न्हाणीघरातून आल्या. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. पिंजऱ्याकडे बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"यांना काय घातलंस तू?"

"काही नाही घातलं," आक्काबाई म्हणाल्या. "नळ आला होता. मी पाणी भरत होते."

नानांनी वाकून पिंजरा तपासला. गवत होतं, पाण्याची वाटी भरलेली होती. आणि गवताच्या वर, अगदी नजरेत भरेल असं, एक लांबट, टोकदार, जाड पान पडलेलं होतं.

भिंतीवर मयुरीच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता. 'यांना देऊ नये : कण्हेर, मनी प्लांट, अळू, कोरफड, कांदा, लसूण, बटाट्याची सालं, चॉकलेट. विजेच्या वायरी वर बांधाव्यात.' त्या कागदावर नानांचा भारी जीव. त्यांनी स्वतः मनी प्लांटची कुंडी गच्चीवर नेली होती आणि टीव्हीची वायर खिळे ठोकून वर चढवली होती. यादीतलं पहिलंच नाव कण्हेरीचं होतं, आणि त्यांनी उचलून हातात घेतलेलं पानही कण्हेरीचंच.

२

कण्हेर कॉलनीत एकाच्याच दारी होती. भिंतीपलीकडे राहणाऱ्या प्रेमराज सोनारांच्या. गुलाबी फुलांचं मोठं कुंपणच केलेलं, आणि त्याच्या फांद्या नानांच्या भिंतीवर लोंबायच्या. त्यावरून दोघांची दोनदा हमरीतुमरी झालेली.

"प्रेमराजभाऊ, तुमच्या कण्हेरीने माझ्या नातीचं जनावर मारलं," नानांनी भिंतीवरूनच तोफ डागली.

प्रेमराज दात घासत होते. त्यांनी घाईघाईने चूळ भरली. "नाना, मी गुरुवारी छाटणी केली. सगळ्या फांद्या घंटागाडीत टाकल्या. देवाशपथ!" एवढं बोलून ते उगाच टॉवेल झटकू लागले. मग म्हणाले, "पण ती गवतवाली आहे ना, सुगंधाबाई, तिला काल मोकळ्या प्लॉटवर विळा चालवताना पाहिलं मी. आता तिने काय काय कापलं, कोण बघतंय?"

नानांना एवढंच हवं होतं.

सुगंधाबाई शिरपूरच्या वरची, सातपुड्याच्या पायथ्याची. नवरा रुपसिंग कॉलनीतल्या बांधकामावर कामाला, आणि मोकळ्या प्लॉटवर त्यांची झोपडी. तिच्या चार बकऱ्या होत्या. बकऱ्यांसाठी कापलेल्या हरळीतला एक भारा ती रोज नानांकडे आणि अजून चार घरी टाकायची. कुणाच्या घरी ससे, कुणाच्या घरी गाय. साडेआठला ती आली तेव्हा फाटकासमोर घंटागाडी उभी होती आणि कचरा टाकायला निम्मी कॉलनी जमलेली होती.

"थांब," नाना म्हणाले. "भारा खाली ठेव. सोड."

तिने ठेवला. सोडायला ती वाकली, पण तेवढा धीर नानांना कुठला! त्यांनी स्वतःच दोरी ओढली आणि गवत रस्त्यावर पसरलं. नुसती हरळी निघाली.

"कालच्या भाऱ्यात कण्हेर होती. हे पान बघ. माझं जनावर मेलं!"

"मन्हा भाऱ्यात नही व्हती नाना," सुगंधाबाई म्हणाली. "मी बकऱ्या पाळस. कण्हेर वळखता येत नही का माले? खादी तर बकरी जागावर मरी जास." मग पुढच्या खोलीच्या खिडकीकडे बोट करून ती म्हणाली, "आणि बठ्ठं गवत एकच शे. त्या नरनीबी तेच खादं ना? त्याले काय व्हयनं?"

एकाच भाऱ्यातलं खाऊन नर कसा बरा, हा प्रश्न नानांनी ऐकला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण ऐकतील ते नाना कसले! लोक बघत होते, आणि लोक बघत असले की नानांच्या अंगात पथक संचारायचं.

"वर तोंड करून बोलतेस? तुम्हा लोकांना काय, दिसेल ते उपटायचं आणि शहरात आणून विकायचं! उद्यापासून या फाटकाशी यायचं नाही."

शेजारच्या दोघी बायका एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "आमच्याकडेही नको बाई."

सुगंधाबाईने गवत गोळा केलं. मोडलेल्या काड्यासुद्धा वेचून घेतल्या आणि ती गेली. 'तुम्हा लोकांना' हे दोन शब्द नानांच्या तोंडात मात्र कडू चव ठेवून राहिले. नव्या नोकरीत असताना पारोळ्याच्या स्टँडवर हेच शब्द त्यांनी स्वतः ऐकले होते, याच सुरात, दहा माणसांसमोर. त्यांनी ती आठवण खाकरून बाजूला सारली. पिंजऱ्यावर चादर टाकली आणि रिक्षा बोलावली.

३

जनावरांच्या डॉक्टर सरिता वळवी तिशीतल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी खोबरीला हातात घेतलं, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"काय खाल्लं?"

"कण्हेर," नानांनी पान टेबलावर ठेवलं. "गवतातून आली. शंभर टक्के खात्री आहे. ती सातपुड्याकडची एक बाई गवत देते, तिला काय कळतंय!"

"माझं आजोळ तिकडचंच आहे, नाना," डॉक्टर मान वर न करता म्हणाल्या.

नानांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी टेबलावरचं पान उगाच सरळ केलं.

"कण्हेर खाल्ली की लाळ गळते, हगवण लागते, हृदयाचे ठोके चुकतात," डॉक्टर म्हणाल्या. "हिची लेंडी चांगली आहे, तोंड कोरडं आहे. डोळ्यांतून पाणी येतंय, छाती घरघरतेय आणि हिरड्या नको तेवढ्या लाल आहेत. घरात धूर झाला होता का? डासांची कॉइल, फवारणी, काही?"

"आमच्या घरात असलं काही चालत नाही."

"ओव्याचा वास येतोय."

"तो माझा. सर्दीने नाक चोंदलंय, म्हणून खिशात ओव्याची पुरचुंडी बाळगतो." नानांनी कोटाच्या खिशावर थाप मारली.

डॉक्टरांनी नळी गळ्यात टाकली. "हे बघा नाना. कण्हेर असेल तर कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजावी लागेल. पण दम लागलेल्या जनावराला तोंडातून पाजणं धोक्याचं असतं, ठसका लागू शकतो. आणि धूर असेल तर प्राणवायू द्यावा लागेल. सिलिंडर एकच आहे, तो आत एका कुत्र्याच्या ऑपरेशनला लावलाय. धूर असेल तर दुसरा मागवते. तुम्ही सांगाल त्यावर सगळं आहे. नक्की कण्हेर?"

"डॉक्टर, अठ्ठावीस वर्षं तपासणी केलीय मी. नक्की!"

डॉक्टरांनी पिचकारीत काळं पाणी भरलं. खोबरीने दोन घोट घेतले, तिसऱ्याला ती ठसकली आणि तिचं सगळं अंग ताठ झालं.

"हिला आणि पिल्लांना इथेच ठेवून जा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नाराजी होती.

४

अकराला फोन आला.

"नाना, दुसरं पिल्लू गेलं. आईची छाती आणखी भरलीय. ऑपरेशन संपलं, तो सिलिंडर मी आता तिला लावते. पण नुसत्या अंदाजाने किती आणि किती वेळ देऊ? हे कण्हेरीचं नाही. घरात काय झालं ते शोधा, आणि लवकर शोधा."

फोन ठेवून नाना पुढच्या खोलीत येऊन बसले. पाच वाजायला सहा तास होते. भुकेला गूळ पिंजऱ्याच्या जाळीवर पुढचे पाय टेकवून शिट्ट्या मारत होता.

नाना त्याच्याकडे बघत राहिले. गूळ ठणठणीत होता! कालच्याच भाऱ्यातलं गवत आक्काबाईंनी अर्धं याला टाकलं होतं, अर्धं खोबरीला. 'त्या नरनीबी तेच खादं ना? त्याले काय व्हयनं?' एका बाईने भर रस्त्यात, फुकटात, सगळा उलगडा त्यांच्या हातात ठेवला होता. आणि त्यांनी तिलाच हाकलून दिलं होतं.

त्यांनी पान काढलं आणि चष्मा पुसून खिडकीच्या उजेडात धरलं. गिनीपिग काही कुरतडल्याशिवाय सोडत नाही. या पानाच्या कडेला दाताची एकही खूण नव्हती. सबंध पान, देठासकट. आणि सुकलेलं, एका बाजूने करपल्यासारखं. जुन्या काळी कंडक्टर तिकिटाला पंच मारायचा. पंच नसलेलं तिकीट नानांना सापडलं की ते ओळखायचे, या तिकिटावर कुणी प्रवास केलेला नाही. हे पान पंच झालेलंच नव्हतं. नवख्या तपासनिसालाही ही चूक शोभली नसती.

मग पान आत आलं कसं?

नानांनी सवयीने ओव्याची पुरचुंडी नाकाशी धरायला खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. ते झोपायच्या खोलीत गेले. पुरचुंडी उशीखाली होती. रात्री ठेवलेली, तिथेच. म्हणजे दवाखान्यात ओव्याचा वास आला तो त्यांच्या खिशाचा नव्हता. पिंजऱ्याचाच होता.

ते परसात गेले. भिंतीवर गोधडी वाळत होती, पाण्याने निथळत. धुळ्याची ही थंडी, डिसेंबरचा मधला आठवडा, माणसं आंघोळीला टाळाटाळ करतात, आणि आक्काबाईंनी सकाळीच एवढी जाड गोधडी धुतली? रोज ती या भिंतीवर उन्हाला टाकतात हे खरं, आणि प्रेमराजांच्या कण्हेरीची पानं तिच्या घडीत अडकून येतात हेही खरं. आत्तासुद्धा तिच्या टाक्यांत तसलंच एक पान अडकलेलं होतं. आणि एका कोपऱ्याला रुपयाएवढं भोक, कडेने तपकिरी जळालेलं.

लिंबाच्या आळ्यात ताजी राख होती. घासून उपडं घातलेलं घमेलं होतं. ओट्याच्या कोपऱ्यात दोन विटा होत्या, वरून काळ्या झालेल्या.

नानांना सगळं समजलं, आणि ते तडक आत वळले.

५

आक्काबाई स्वयंपाकघरात परातीसमोर बसल्या होत्या. पीठ भिजवलेलं होतं, पण त्या मळत नव्हत्या.

"सकाळी सहा ते साडेसात तू कुठे होतीस?" नानांनी विचारलं. नेमक्या त्याच आवाजात, ज्या आवाजात कंडक्टरची बॅग उघडायला सांगायचे.

आक्काबाई दगड झाल्या. हा दगड नानांच्या ओळखीचा होता. हजार कंडक्टर त्यांनी असे दगड झालेले पाहिले होते, आणि त्यांच्याकडून ते सही घ्यायचे. पण आज सही नको होती. किती निखारे, किती वेळ, वर काय टाकलं, ही माहिती हवी होती, आणि तीही याच घटकेला. दवाखान्यात एक जीव त्यावर टांगलेला होता.

नाना फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले.

"मयुरी झाली तेव्हा," ते म्हणाले, "शिल्पाला धुरी द्यायला म्हणून तू शेगडी पेटवली होतीस. ती मी अंगणात भिरकावून दिली."

आक्काबाईंनी वर पाहिलं. "व्याह्यांसमोर," त्या म्हणाल्या.

"हो. व्याह्यांसमोर."

"माझी आई सुईण होती. अमळनेर तालुक्यातल्या किती बायकांना तिने मोकळं केलं, धुरी दिली, शेकलं. तुम्ही म्हणालात, ही अडाणी आहे, हिच्या हाती बाळंतीण देऊ नका. का देऊ नका, ते नाही सांगितलंत. तुमचे व्याही हसले. त्या दिवसापासून मी कुणाच्या बाळंतिणीला बघायला गेले नाही. अकरा वर्षं."

खरं उत्तर फार वाईट होतं. धूर छातीला मारतो हे तेव्हा त्यांनाही कुठे माहीत होतं? चार शिकलेल्या माणसांत आपली बायको धुरी देते याची त्यांना लाज वाटली होती. बस, एवढंच! तीच लाज त्यांनी उचलून तिच्या अंगावर टाकली होती, आणि वर सुधारणेच्या गप्पा मारल्या होत्या.

"चूक माझी होती, आक्का," ते म्हणाले. हे वाक्य चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच बाहेर पडत होतं, त्यामुळे ते अडखळतच आलं. "आता मला सांग. मी ओरडणार नाही."

आक्काबाईंचे डोळे भरले आणि मग सगळं घळाघळा बाहेर आलं. घरात इतक्या वर्षांनी एक बाळंतीण आली होती, आणि ती त्यांच्या हातात होती. थंडीने कुडकुडत होती बिचारी. नाना फिरायला गेले तसे त्यांनी घमेल्यात कोळशाचे निखारे घेतले, वर ओवा, शेपा आणि लसणाची सालं टाकली, पिंजऱ्याखाली विटा लावल्या आणि वरून गोधडी घातली. चहा उकळेपर्यंतच ठेवायचं होतं. तेवढ्यात नळ आला. हंडे, पिंप, बादल्या! अर्ध्या तासाने आठवलं तेव्हा धावत येऊन गोधडी काढली, तर असं.

"सकाळीच सांगायला हवं होतं मला. ती सुगंधा रस्त्यावर गवत वेचत होती, मी खिडकीतून बघत होते. जीभच उचलेना. वाटलं, पुन्हा सगळ्यांसमोर..."

नाना तोवर फोन लावत होते. "डॉक्टर, धूर आहे. कोळशाचा. अर्धा तास, बंद गोधडीत."

६

दोघं दवाखान्यात पोचली तेव्हा खोबरीच्या तोंडाशी प्राणवायूची नळी होती आणि उरलेलं एकुलतं पिल्लू कापसात गुंडाळून तिच्या शेजारी ठेवलेलं होतं. डॉक्टरांनी आक्काबाईंना स्टूल दिलं आणि एकेक गोष्ट विचारून घेतली. निखारे किती, सालं किती, घमेलं किती खाली. आक्काबाई बारीक आवाजात सांगत होत्या.

"मावशी, कोळशाच्या धुरात एक वायू असतो," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला वास नसतो. तो रक्तात शिरला की श्वास चालू असूनही जीव गुदमरतो. म्हणून हिच्या हिरड्या एवढ्या लाल झाल्या. माणसाच्या बाळंतिणीलाही ते चांगलं नाही. बंद खोलीत तर मुळीच नाही."

"असं होय," आक्काबाई म्हणाल्या. "हे कुणी सांगितलंच नाही कधी."

नाना खिडकीबाहेर बघत होते. आधीची अकरा वर्षं आणि आजचे तीन तास, दोन्ही त्यांच्या मानेवर बसलेले होते. तरी विचारायचं ते त्यांनी विचारलं. "सकाळीच कळलं असतं तर दुसरं पिल्लू वाचलं असतं का?"

"बहुतेक," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही.

साडेचारला खोबरी पोटावर बसली. आक्काबाईंनी धरलेल्या कोथिंबिरीच्या काडीला तिने तोंड लावलं आणि सावकाश चावायला लागली. आक्काबाई तोंडाला पदर लावून रडू लागल्या. नानांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. असं चारचौघांत करायची त्यांना सवय नव्हती.

पाचला खोबरी आणि पिल्लू घेऊन दोघं रिक्षाने घरी पोचली, तोच सहलीची बस आली. मयुरीला दोघांनी मिळून सांगितलं, काही न लपवता. ती रडली, चिडली, दोन पिल्लं कुठे पुरली ते विचारलं आणि उरलेलं पिल्लू हातात घेऊन बसली. मग एकदम म्हणाली, "पण नाना, तुम्ही सुगंधामावशीला काय म्हणालात? आमच्या बसमधल्या मुलीला तिच्या आईने फोनवर सांगितलं. मावशी विषारी पाला विकते म्हणे."

गोष्ट बसपर्यंत पोचली होती.

७

नाना तसेच उठून मोकळ्या प्लॉटवर गेले. झोपडीसमोर सुगंधाबाई बकऱ्या बांधत होती. रुपसिंग कामावरून यायचा होता. नानांनी हात जोडले. जनावर धुराने मेलं, गवताचा काही संबंध नव्हता, माझ्याकडून मोठी चूक झाली, असं सगळं म्हणाले. रिक्षात पाठ केलं होतं तसंच.

तिने दावणीची गाठ मारली आणि मग पाहिलं.

"नाना, बोलनात तवय बठ्ठी कॉलनी व्हती. आते एकलाच उनात?"

आळ सगळ्यांसमोर आणि माफी एकट्याने, एवढंच सुनावून ती आत गेली. पाच घरांपैकी एकाही घरी तिचा भारा आज गेला नव्हता. तो तिथेच दाराशी सुकत पडला होता.

नाना घरी आले. खरं तर उपाय सरळ होता. उद्या घंटागाडीच्या वेळी सगळ्यांसमोर सांगायचं. पण काय सांगायचं? गवतात विष नव्हतं म्हटलं की लोक विचारणार, मग झालं काय? धूर म्हटलं की विचारणार, केला कुणी? सुगंधाबाईवरचा डाग पुसायचा तर तो आक्काबाईंच्या अंगावर जाणार, पुन्हा चारचौघांत, पुन्हा नवऱ्याच्याच तोंडून. त्यांनी हे आक्काबाईंना बोलून दाखवलं.

"मी येते," आक्काबाई म्हणाल्या. "मीच सांगते. तुम्ही नुसते बाजूला उभे राहा."

रविवारी साडेआठला घंटागाडी आली. प्रेमराज आले, शेजारच्या दोघी आल्या, अजून सातआठ जण जमले. नानांनी काल रात्रीच मयुरीच्या बसमधल्या त्या मुलीच्या आईलाही फोन करून बोलावलं होतं. सुगंधाबाई मात्र येईल की नाही, शंका होती. ती आली, पण भारा न घेता, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली.

"सगळ्यांनी जरा थांबा," नाना म्हणाले. "काल मी या बाईंवर आळ घेतला. तो खोटा होता. त्यांनी खरं सांगितलं आणि मी ऐकलं नाही." एवढं बोलून ते बाजूला झाले.

आक्काबाई पुढे झाल्या. पदर सारखा केला. "जनावराला मी धुरी दिली. कोळशाची. बाळंतिणीला देतात तशी. धुराने पिल्लं मेली. मला माहीत नव्हतं, आता कळलंय. तुमच्या घरी कुणाला देत असाल तर देऊ नका."

मग प्रेमराज फिसकन हसले. "अहो वहिनी, उंदराची बाळंतीण आणि तिला धुरी!" दोघी बायकांनीही तोंडावर हात धरले. हसू बघता बघता गर्दीभर पसरलं.

आक्काबाईंचे कान लाल झाले. त्यांनी नानांकडे पाहिलं. नानांना आतून कळत होतं की अशा वेळी आपण नेहमी काय करतो. हसणाऱ्यांत सामील होऊन आपण शहाण्यांच्या बाजूला उभं राहतो. कालपर्यंत त्यांनी तेच केलं असतं.

"हसायचं तर मला हसा," ते म्हणाले. "अकरा वर्षांपूर्वी हिला मी चारचौघांत अडाणी म्हणालो. कारण सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. ती दोन पिल्लं माझ्या खात्यावर लागतात. आणि प्रेमराजभाऊ, छाटणीच्या फांद्या घंटागाडीत टाकल्या म्हणता, पण या गाडीवाल्याला मी आत्ताच विचारलं. गुरुवारी फांद्या आल्याच नव्हत्या. त्या मोकळ्या प्लॉटवर पडल्यात, सुगंधाबाईंच्या बकऱ्यांच्या वाटेवर, काल मीच पाहिल्या."

प्रेमराजांचं हसू जागच्या जागी विरलं. "उचलतो आजच," ते पुटपुटले. लोक एकेक करून पांगले. शेजारची एक जाता जाता सुगंधाबाईला म्हणाली, "उद्यापासून येत जा गं."

सुगंधाबाई रस्ता ओलांडून आली. नानांनी हात जोडलेलेच होते. ती थेट आक्काबाईंसमोर थांबली.

"जे वाचनं ते पिलू दूध पेस का, अक्का?"

"पितं," आक्काबाई म्हणाल्या. "ये, बघ ना."

दोघी फाटकातून आत गेल्या. सुगंधाबाईने नानांकडे पाहिलंसुद्धा नाही. रस्ता रिकामा झाला तरी नाना हात जोडून तिथेच उभे होते.